"इथं कापा" म्हणणारे भाऊजी

माझ्या सासूबाईंच्या तेरवीला शेजारचे प्रभाकर भाऊजी पाटावर बसले होते आणि गुरुजी काहीतरी सांगत होते. गुरुजींचं सांगणं वाढत गेलं तशी भाऊजींची मांडी हलू लागली, मग पाय, मग पाट. शेवटी ते गुरुजींकडे वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, मधला भाग कापा. पब्लिक उठून राहिली."

गुरुजींनी कापला की नाही ते मला ठाऊक नाही. मी पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात पळाले. बायकांना वाटलं, सून रडायला गेली.

भाऊजी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. माझे यजमान त्यांच्याच हाताखाली होते, म्हणून ते मला वहिनी म्हणतात. रायपूरच्या बूढापाऱ्यात, पारा म्हणजे मोहल्ला, एका घराचे दोन भाग आहेत, एकात ते आणि एकात आम्ही. मधे आंगण, आंगणात दोघांचा एकच नळ. नोकरी रेल्वेची असली तरी भाऊजींचा जीव सगळा सिनेमात. दर शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा आणि सांजेच्या एका हिंदी पेपरात त्याच्यावर लिहायचं. पेपर लहानसा, भजी बांधायलाही पुरत नाही. पण टॉकीजवाले भाऊजींना भितात, कारण त्यांनी आजपर्यंत एकाही पिक्चरला चांगलं म्हटलेलं नाही.

पिक्चर पाहायची त्यांची रीत वेगळी. एका खुर्चीवर ते बसूच शकत नाहीत. आधी अगदी पुढे, शिट्ट्या मारणाऱ्या पोट्ट्यांत. मग वर बाल्कनीत. मग दारात, गेटकीपरच्या बाजूला उभे. मी एकदा सुशीलाताईंबरोबर, म्हणजे त्यांच्या बायकोबरोबर, गेले होते. अंधारात भाऊजी आमच्या गुडघ्यांवरून गेले, परत आले, पुन्हा गेले. ताई म्हणाल्या, "कमल, हा माणूस लग्नातही असाच होता. सप्तपदीत माह्या पुढं निघून गेला."

भाऊजींना विचारलं तर सांगतात, "वहिनी, खालून पाहिला की पिक्चर मोठा वाटते. वरून पाहिला की खोटा वाटते. अन् दारातून पाहिला की लांब किती हाय ते समजते." आणि कोणताही पिक्चर त्यांना लांबच वाटतो. "इथं कापा" हे त्यांच्या तोंडात बसलेलं. मंगलाष्टकं चालू असताना कापा, आरतीत कापा, मंत्र्यांच्या भाषणात कापा. ताई त्यांच्या अकोल्याच्या भावाने घर कसं बांधलं ते सांगायला बसल्या की पाया खोदायच्या आधीच भाऊजी म्हणतात, "एकदम वास्तुशांतीवर ये न." चहाचा शेवटचा घोट ते कधी घेत नाहीत. शेवट माहीतच असतो म्हणतात.

लिहिलेलं ते पेपरात द्यायच्या आधी मला वाचून दाखवतात. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले आणि बोलते कमी, म्हणून असेल. मी तांदूळ निवडत असते आणि ते आंगणात इकडून तिकडे फिरत वाचत असतात. वाचता वाचता आजकालच्या पिक्चरवर चिडतात.

"घरात जिना असते, वहिनी. एक नाही, दोन. एवढा जिना झाडाले एक बाई लागते. ते बाई कुठं हाय? तीन तासात एकदा तरी दिसाले पाहिजे न?"

मी म्हणते, "हो."

"हिरो काय काम करते? परदेशातून येते. आता येणं, हे काम झालं का? मी बी रोज बाजारातून येतो."

"हो."

"गाणं लागलं की हिरोइन बर्फात. पातळ साडीवर. इकडे आपल्या टॉकीजमधी पंखा बंद, लोक सदरा काढून बसलेले. कोणाले दया येते काय तिची? अन् आई! त्या आईचं रडणं. आई रडाले लागली की मी भायेर पानठेल्यावर जाऊन येतो, परत येतो तरी रडूनच राहिली असते. मी तर समद्या मॅनेजर लोकाईले सांगून ठेवलं हाय, आईचं रडणं कापा, पब्लिक दुआ देईन."

मी हो म्हणून तांदूळ पाखडायला घेते.

आता मंजूचं सांगते. मंजू ही त्यांची एकुलती एक पोरगी. कॉम्प्युटर शिकवायला जाते, गोरी, उंच, आणि नाटकाची फार हौस. आमच्या मंडळाच्या गणपतीत तिने एकदा सुनेचं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पेपरात लिहिलं की सुनेचं काम करणारी मुलगी दारात अशी उभी होती की लोकांना ती कपाट वाटली, कोणी तिला छत्री अडकवली नाही एवढंच. नाव लिहिलं नव्हतं. पण मंडळात सून एकच होती. बायका तिला बाजारात भेटल्या की छत्री सांभाळून धरायला लागल्या.

त्या दिवसापासून मंजू बापाशी बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर मधे कोणी लागतं. ताई म्हणाल्या, "मी काय पोस्टमन हाओ का?" आणि बाजूला झाल्या. मग राहिले मी. नळावर मी बादली लावलेली, एकीकडे मंजू, दुसरीकडे भाऊजी, मधे हातभर अंतर.

"काकू, बाबांना सांगा, गॅस संपला आहे."

"वहिनी, तिले सांगा, मले ऐकू आलं."

मला दोघांना काही सांगावंच लागायचं नाही, फक्त तिथे उभं राहावं लागायचं. त्यातही मंजूला राग आला की ती हिंदीत बोलते. मग भाऊजीही हिंदीत उतरतात, आणि मला वाटतं मी कचेरीत उभी आहे.

त्या सुमारास आमचं रायपूर राजधानी झालं. रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाट्या नव्याने रंगवल्या, आणि ज्याच्या खिशात चार पैसे तो छत्तीसगढी पिक्चर काढायला निघाला. टेन्ट हाउसवाला, वीटभट्टीवाला, सगळे. अभनपुरच्या एका राइस मिलवाल्याने काढला त्यात मंजूला काम मिळालं. हिरोइनचं नाही. हिरोच्या आईचं! हिरो तिच्यापेक्षा वयाने मोठा. पण खरी म्हातारी बाई कॅमेऱ्यासमोर लाजली, आणि मंजू लाजत नव्हती. केसांना पावडर लावून तिला आई केलं.

तिचा मोठा सीन एकच. पोरगा घर सोडून शहरात पळालेला, आई उंबऱ्यावर ताट झाकून वाट पाहते. भाऊजी बाहेर गेले की मंजू आंगणात तो सीन करून पाहायची. मी कपडे वाळत घालताना पाहायचे.

पिक्चर लागायच्या आधी ती नळावर आली. हिंदीतच सुरू झाली. "काकू, पापा से कह दीजिए, मेरी पिक्चर देखनी नहीं है। और लिखना तो बिल्कुल नहीं है। इस बार कुछ लिखा, तो मैं अकोला, मामा के यहाँ। फिर वापस नहीं आऊँगी।"

भाऊजी दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. "वहिनी, तिले सांगा, जबान दिली. पाहणार नाही. लिहिणार नाही."

ताईंनी मला नंतर मंजूच्या पलंगाखाली भरून ठेवलेली बॅग दाखवली. स्वेटरसुद्धा भरला होता. उन्हाळ्यात जो माणूस स्वेटर भरतो तो खरंच जायचं म्हणतो, असं ताई म्हणाल्या आणि रडल्या.

शुक्रवार आला. भाऊजी घरात. मी एवढी वर्षं शेजारी राहते, शुक्रवारी दुपारी मी त्यांना घरात पाहिलं नव्हतं. ते बूढातालाबाला चक्कर मारून आले. सायकलची चेन काढली, बसवली, पुन्हा काढली. मला दारातून विचारलं, "वहिनी, किती वाजले?" मी सांगितलं. "म्हणजे आता इंटरवल असन," म्हणाले आणि पुन्हा तलावावर गेले.

शनिवारी दुपारच्या खेळाला ताई आणि मी गेलो. मंजू रविवारी जाणार होती, मंडळाच्या बायकांना घेऊन. त्याच छत्रीवाल्या बायका. तिने मुद्दाम बोलावलं होतं त्यांना. पिक्चर सुरू झाला. सुरुवातीला मंजूने पोराच्या हातात डबा दिला. पोरगा पळाला. आता उंबरा येणार म्हणून आम्ही दोघी पुढे सरकून बसलो, आणि एकदम नदीकाठी गाणं! हिरोइन, ढोल, शेतं. मग मारामारी. मग लग्न. दिवे लागले.

ताईंनी माझा हात घट्ट धरला. "कमल, आपली पोट्टी कुठं गेली व?"

घरी येऊन ताईंनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, उंबऱ्याचा सीनच नाही, आणि त्यात पोरगी रडतही नव्हती. मंजू क्लासला गेली होती. मला वाटलं भाऊजी म्हणतील, बरं झालं. पण त्यांनी चपला घातल्या, उलट्या घातल्या, काढून सुलट्या घातल्या. "वहिनी, चला."

टॉकीजसमोर ते पानठेल्याजवळ थांबले. आत पाय ठेवणार नाही म्हणाले, जबान दिली आहे. "तुम्ही मॅनेजरले बलावून आणा."

मी बसमध्ये कंडक्टरशी बोलत नाही. मॅनेजरच्या खोलीसमोर जाऊन मी उभी राहिले. तो म्हणाला, "दीदी, लेडीज उधर है।" मी नुसतं बाहेर बोट दाखवलं. त्याने रस्त्यापलीकडे भाऊजींना पाहिलं आणि बनियनवर शर्ट चढवत धावला.

"अरे भैया! बाहर काहे खड़े हो? अंदर आओ, चाय मँगाता हूँ।"

"चाय नहीं। वो माँ वाला सीन किधर गया?"

मॅनेजरचा चेहरा फुलला. "काट दिया भैया! आपका ही फॉर्मूला। कल पहला शो इतना लंबा हुआ कि दूसरे शो की पब्लिक सीढ़ी पे चढ़ गई। मैंने ऑपरेटर को बोला, भैया हमेशा क्या कहते हैं? माँ का रोना काटो, पब्लिक दुआ देगी। बस, उतना टुकड़ा निकाल दिया। अब चारों शो टाइम पे।"

तो शाबासकीची वाट पाहत उभा होता. भाऊजी त्याच्याकडे पाहत राहिले. पानवाल्याने लावलेलं पान हातात तसंच.

"ती रडत नाही त्याच्यात," ते मराठीतच म्हणाले. मग आवाज सारखा करून हिंदीत, "वापस लगा दो।"

"अब कैसे भैया? चार शो नहीं बैठेंगे।"

"मेरी बेटी है वो। कल आ रही है देखने। सबको लेके।"

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाईक होता. डोकं खाजवून म्हणाला, "एक काम करो भैया। पिक्चर वैसे भी ठंडी है। आप दो लाइन लिख दो, अच्छी वाली। आपने आज तक किसी को अच्छा नहीं बोला। आपका नाम रिक्शे पे घूमेगा तो पब्लिक टूट पड़ेगी। फिर एक सीन से मेरा क्या जाता है?"

मला वाटलं आता भाऊजी त्याला ओरडतील. लिहायचं नाही अशीही जबान दिली होती, आणि त्यात हे असं लिहायचं. भाऊजी सायकल स्टँडच्या कठड्यावर बसले. बराच वेळ बसले. पाय हलत नव्हता. मग पानवाल्याकडून कागद मागितला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि घडी करून मॅनेजरला दिला. मला म्हणाले, "वहिनी, हे तिले सांगायचं नाही. कधीच नाही."

रविवारी सकाळी आम्ही नळावर असतानाच प्रचाराचा रिक्षा पाऱ्यात शिरला. भोंगा केवढा मोठा! "रायपुर के मशहूर समीक्षक प्रभाकर जी का कहना है, इस पिक्चर में एक फुट भी काटने लायक नहीं! एक फुट भी नहीं!" रिक्षावाल्याला माहीत होतं की भाऊजी इथेच राहतात, म्हणून तो आमच्या दारासमोर थांबून पुन्हा पुन्हा लावत होता. सगळा पारा बाहेर आला. समोरचा किराणावाला हात जोडून म्हणाला, "कइसे भैया, तबियत तो ठीक हे न?"

"हव," भाऊजी म्हणाले.

"कतका पइसा दिस मिलवाला ह?" मिलवाल्याने किती पैसे दिले, असं तो विचारत होता.

"हव."

मंजूची बादली भरून वाहत होती. तिने नळ बंद केला नाही. "काकू, पापा से पूछिए, ज़बान दी थी कि नहीं?"

भाऊजींनी तोंड उघडलं. "वहिनी, तिले सांगा..." आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "काही सांगू नका."

"पहले कपाट बोला, तब कम से कम सच तो बोला था," मंजू म्हणाली. "अब तो बिक गए।" आणि आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज मला आंगणात आला. माझ्या तोंडात सगळं येऊन थांबलं होतं. पण मला सांगू नका म्हटलं होतं, आणि नाही तरी एवढं लांब मला कुठं सांगता येतं.

तरी दुपारी ती गेली, बायकांना बोलावून बसली होती म्हणून. ताई आणि मी मागच्या रांगेत. गर्दी खरंच होती. भाऊजी कधी घरातून निघून गेले ते कळलं नाही.

पोरगा पळाला. मी डोळे मिटले. उघडले तर पडद्यावर उंबरा, आणि उंबऱ्यावर मंजू.

मी काही जाणकार नाही. ती रडली नाही एवढं सांगते. ताटावरचा रुमाल उचलला, माशी हाकलली, पुन्हा झाकलं. रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा उचलला. पुढून एक पोट्टा ओरडला, "आगे बढ़ाओ!" चारपाच जण बिडी प्यायला उठले. पण मंडळाच्या बायका चिवडा खायच्या थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "ही मंजू हाय? मले तर ओळखूच नाही आली माय." ताई रुमालात तोंड घालून बसल्या होत्या.

सुटल्यावर जिन्याखाली बायका मंजूला घेरून उभ्या होत्या. तेवढ्यात वरून मशीनवाला ऑपरेटर बिडी शिलगावत उतरला आणि त्याने मंजूला ओळखलं. "दीदी, बने करे हस. तोर ददा घलो ऊपर मोर मशीन कना बइठे रिहिस." तिचे बाबाही वर त्याच्या मशीनजवळ बसले होते म्हणे.

मंजूचा चेहरा बदलला. "देखने आए थे?"

"नइ देखिस न!" ऑपरेटर हसला. "बइठे रिहिस भिथिया डहर मुँह करके. मोला कहिस, टुकड़ा लगाथस कि नहीं, ओतके सुने बर आए हँव. मैं कहेंव, कका, ए छेदा ले देख ले, तोर बेटी हे. कहिस, नइ देखँव, जुबान दे हँव." म्हणजे भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले होते, तुकडा लागतो की नाही एवढंच ऐकायला, आणि भोकातून पाहा म्हटलं तरी जबान दिली म्हणून त्यांनी पाहिलं नाही.

मग कापलेल्या तुकड्याची, रिक्षाची, कागदाची, सगळी गोष्ट त्यानेच सांगितली. मला सांगावी लागली नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. भाऊजी आंगणात नळाची तोटी खोलून बसले होते. तोटी चांगली होती. मंजू समोर जाऊन उभी राहिली. मी सवयीने मधे गेले.

"काकू, बाबांना विचारा..." ती म्हणाली आणि थांबली. मला हाताने थोडं बाजूला केलं. "बाबा, पाहिलं काहून नाही?"

भाऊजींनी पान्हा खाली ठेवला. "जबान दिली होती."

"मग लिहिलं काहून?"

"नाही लिहिलं असतं तर तू दिसली नसती."

तिने पायाने पान्हा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "पिक्चर कसा आहे म्हणता?"

"बेकार असन," भाऊजी म्हणाले. "मी पाहिला कुठं?"

मंजू हसली की रडली ते अंधूक उजेडात नीट दिसलं नाही. आत जाऊन ती एक ताट आणि रुमाल घेऊन आली. "बसा," तिने बापाला म्हटलं. भाऊजी तोटी हातात घेऊन पायरीवर बसले. ती आमच्या उंबऱ्यावर बसली, कारण त्यांच्या दारात सामान होतं, आणि सीन सुरू केला. केस काळेभोर, अंगात क्लासचा पंजाबी ड्रेस. तरी मला पिक्चरपेक्षा इथेच ती म्हातारी वाटली.

सीन छोटा नाही. माशी हाकलली, झाकलं, पाहिलं, उचललं. भाऊजींचा गुडघा हलू लागला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

मंजू थांबली. "झालं."

"मग?" भाऊजी म्हणाले. "जेवली का ते?"

"कोण?"

"ते माय. पोरगा तर आला नाही. मग तिनं खाल्लं का नाही?"

"ते नाही दाखवलं, बाबा. पुढं तिचा सीनच नाही."

"असं कसं नाही दाखवलं?" भाऊजी एकदम चिडले. "एवढा वेळ बसवून ठेवलं तिले. कोणी इचाराले नको तिले? बाई उपाशी बसली हाय अन् हे गाणे म्हणून राहिले!"

ते उठले. मंजूच्या हातातलं ताट घेऊन त्यांनी रुमाल बाजूला केला. ताट रिकामं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना कधी स्वयंपाकघरात जाताना मी पाहिलं नव्हतं. ते ताट घेऊन आत गेले, आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

"अव, वरण कोणत्या गंजात हाय?"

सीन केव्हाच संपला होता. मंजू उंबऱ्यावरून उठली नाही.